बापाच्या डब्यातली गोळी

(मूल तालुक्यातलं धानपट्ट्यातलं एक गाव. शनिवारी शाळा सुटल्यावरचा नववीचा वर्ग. म्हातारा मुखरू दारात, विज्ञान शिकवणारे सादिक सर टेबलाशी, मुखरूची नात नीलिमा मागच्या बाकावर.)

मुखरू : गोळ्या काऊन वाटल्या पोट्ट्यायले, ते सांगा आधी. मंग बसतो मी.

सादिक : वाटल्या नंतर, मुखरूभाऊ. आधी मोजल्या.

मुखरू : गोळ्या मोजून शाळा होते का आता? आमी दगडं मोजून शिकलो, तिसरीतूनच ढोरामागं गेलो, तरी कोणाच्या घरात आग नाई लावली.

सादिक : बसा तर खरं. धाप लागली तुम्हाला. पाणी देऊ?

मुखरू : पाणी नोको. घरी चूल पेटली आहे, पन्नास माणसाचा सैपाक आहे, चार वाजता पाव्हणे येतेत प्रवीणच्या साक्षगंधाले, अन् मी बुढा नातीले हुडकत गावभर फिरून राह्यलो. सकाळी दप्तर घेऊन निंगाली. शाळा केवाची सुटली, सारे पोट्टे घरी जाऊन जेवले. नीलू! चाल, उठ.

नीलिमा : मी नाई येत.

मुखरू : आयकलं? बापाचं साक्षगंध अन् पोरगी म्हणते नाई येत. हे शिकवता तुमी?

सादिक : सकाळपासून उपाशी होती. माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली आत्ता. गाल पाहिला का तिचा?

मुखरू : पाह्यला. प्रवीणनं ठेवली एक. ठेवन नाई तं का आरती करन? काल संध्याकाळी माई बहीण कमळा आली बोलणं पक्कं कराले. तिचीच पोरगी करून राह्यलो ना प्रवीणले. पाट टाकला, चहा दिला. अन् हे पोट्टी दोन गडवे घेऊन आली, मधात ठेवले, त्यात गोळ्या टाकल्या खळखळ. कमळाले म्हणते, "आजी, डोळे मीट अन् काढ. हा आमच्या घरचा गडवा, हा तुया घरचा. पाहू तुया नातवाले काय येते." पाव्हण्यायपुढं, मास्तर! लगन नाई झालं अन् हे होणाऱ्या नातवाचं मरण काढून बसली.

नीलिमा : मरण नाई काढलं. गोळी काढाले सांगतलं.

मुखरू : चूप राय तू. मास्तर, तुमाले या गावात येऊन किती वर्सं झाले?

सादिक : सहा.

मुखरू : सहा वर्सात कोणी वाकडा शब्द बोललं का तुमाले? ईदले तुमच्या घरी येऊन शिरखुर्मा खाल्ला मी, मूलले. आता प्रवीण म्हणते, मुसलमान मास्तरले काय पडलं आमच्या घरातलं, वर अर्ज करतो, बदली करून टाकतो. मी म्हटलं, थांब बाबू. आधी मी बोलून येतो. काऊन का मले तुमी माणूस बरे वाटता. आता सांगा, काय केलं तुमी पोरीचं?

सादिक : अर्ज करायचा तर करा भाऊ. पण ऐकून करा. आनुवंशिकतेचा धडा पुस्तकात आहे. आईबापाकडून लेकराला काय येते, नाक येते, रंग येते, दुखणंपण येते. ते मला शिकवावंच लागते. पण गोळ्या पुस्तकात नाहीत. गोळ्या मी आणल्या.

मुखरू : म्हणजे मुद्दाम?

सादिक : बिलकुल मुद्दाम. नीलिमाचा भाऊ प्रज्वल याच शाळेत चौथीत होता ना. पाय दुखायला लागले की मीच त्याला गाडीवर घरी सोडत होतो. पाठीला चिकटून बसायचा. खड्डा आला की माझा शर्ट धरायचा घट्ट, पण रडत नव्हता.

मुखरू : त्याचं नाव नोका काढू.

सादिक : मग कोणाचं काढू? नऊ वर्षाचं पोर गेलं तुमच्या घरातलं.

मुखरू : गेलं ते तिच्या रगतानं गेलं! सिकल होतं त्याले. मायच्या रगतातून आलं. नर्सबाईनं इंदूच्या बोटाले सुई टोचली, तिच्यात निघालं. सिकलचं कार्ड तिच्या नावाचं आहे, आमच्या नाई. पंचायत बसली, पंचायनं कार्ड पाह्यलं, वाचून घेतलं, मंग फैसला केला. कोणी मारलं नाई, झोडलं नाई तिले. लुगडं-चोळी देऊन माहेरी नेऊन सोडलं, नागभीडकडं. आता प्रवीण अठ्ठावीस-तीसचाही नाई राह्यला, पस्तिशी आली त्याची. घर का बिनबाईचं ठेवू?

सादिक : अन् प्रवीणच्या बोटाला सुई टोचली होती का?

मुखरू : त्याले कायले? तो ठणठणीत आहे. धानाचं पोतं एकटा उचलते.

नीलिमा : नर्सबाई तीनदा आली होती. तीनदाही बाबा वावरात पळाला. अन् आबा, तुमी धानाच्या तनसीच्या ढिगामागं जाऊन बसले होते.

मुखरू : बसलो नव्हतो. तनस उपसत होतो.

नीलिमा : पावसात?

मुखरू : सुईचं भेव वाटते मले. लहानपणापासून. आहे त्यात काय?

नीलिमा : आई एकटीच ओट्यावर बसली हात पुढं करून. म्हून तिचंच कार्ड निघालं.

मुखरू : पाह्यलं मास्तर? हे असं बोलाले लागली. हे भाषा तुमची आहे.

सादिक : भाषा तिचीच आहे. मी फक्त डबे दिले.

मुखरू : कायचे डबे? आता उलगडून सांगा. मी अडाणी आहे, पण गाढव नाई.

सादिक : दोन चहापत्तीचे डबे. एकावर लिहिलं आई, एकावर बाप. प्रत्येकात दहा लाल, दहा पांढऱ्या गोळ्या. दोन्ही रंगांच्या सारख्याच जाडीच्या, हाताला समजू नये म्हणून. मूलच्या बाजारात अर्धा घंटा घातला मी त्याच्यात. दुकानदार म्हणे, सर, बारसं आहे का घरी? डोळे मिटायचे, या डब्यातली एक काढायची, त्या डब्यातली एक. ते झालं एक लेकरू. काय निघालं ते फळ्यावर मांडायचं अन् गोळ्या परत आपापल्या डब्यात. छत्तीस पोरं, प्रत्येकानं दोनदा काढलं. बहात्तर लेकरं झाली.

मुखरू : बहात्तर लेकरं! बाप्पा बाप्पा. कोण पोसन?

सादिक : हेच पोरं म्हणाली, हसून हसून बेजार झाली. एकानं तर मोजायच्या आधी एक लेकरू खाल्लं. दोन नव्या गोळ्या टाकल्या मग मी.

नीलिमा : एकोणीस पांढरी-पांढरी. सदतीस लाल-पांढरी. सोळा लाल-लाल.

सादिक : लाल म्हणजे सिकलची, रक्तातल्या त्या दुखण्याची, भाऊ. एकच लाल असली तर माणसाचं काही बिघडत नाही. वावरात राबते, पोती उचलते, म्हातारा होते. त्याला ठाऊकपण होत नाही. दोन लाल जमल्या की ते लेकरू दुखणं घेऊनच येते.

मुखरू : बरं. मंग? इंदूच्या डब्यात लाल होती. तिनं देल्ली. मी काय वेगळं म्हणून राह्यलो?

सादिक : तिनं एक दिली. दुसरी?

मुखरू : दुसरी... तिनंच देल्ली असन. दोन्ही तिच्याच.

सादिक : आईच्या डब्यातून एकच निघते. लेकरू कोणाचंही असो, सावकाराचं असो का मजुराचं. एक आईची, एक बापाची.

मुखरू : हे तुमी ठरवलं. डबे तुमचे, गोळ्या तुमच्या, हिशोब तुमचा. डोंबाऱ्याच्या खेळातबी दोरी त्याचीच असते.

सादिक : म्हणूनच दुसऱ्यांदा केलं आम्ही. गावानं जसं ठरवलं, तस्सं. आईचा डबा तोच ठेवला, लाल-पांढरा. बापाच्या डब्यातून सगळ्या लाल काढून घेतल्या. नुसत्या पांढऱ्या. ठणठणीत बाप. मग पुन्हा बहात्तर लेकरं. अन् फळ्यावरचे दोन्ही हिशोब बाजूबाजूला ठेवून पाहिले.

मुखरू : किती निघाले लाल-लाल?

सादिक : नीलिमा, सांग बेटा आबाले.

नीलिमा : मी नाई सांगत. त्यायले काढू द्या. मी सांगतलं तं म्हणतीन खोटं बोलते.

सादिक : खरं आहे तिचं. या भाऊ इकडे, टेबलाजवळ. हे दोन डबे. हा इंदुताईचा. हा प्रवीणचा, तुम्ही म्हणता तसा. पाहून घ्या आधी, वाटल्यास ओतून पाहा.

मुखरू : मी काय पोट्टा आहे का गोळ्या काढाले?

नीलिमा : कमळाआजीनं काढली काल.

मुखरू : अन् गाल कोणाचा सुजला?... आणा इकडं. सोक्षमोक्ष करून टाकू. एक काय, शंभर खेपा काढतो. पण लाल-लाल निघाली का मुकाट्यानं घरी याचं, नीलू. कबूल?

नीलिमा : कबूल.

मुखरू : घे. हे लाल. अन् हे... पांढरी.

नीलिमा : एक. लाल-पांढरी. परत टाका.

मुखरू : परत कायले? निघाली ते निघाली.

सादिक : टाकावी लागते. एका लेकराला दिली म्हणून आईबापाच्या अंगातली सरत नाही. पुढच्या लेकरासाठी डबा पुन्हा तसाच भरलेला.

मुखरू : घे, टाकली. पांढरी... पांढरी.

नीलिमा : दोन.

मुखरू : लाल. पांढरी.

नीलिमा : तीन.

मुखरू : हालव डबा. खाली बसली असन.

नीलिमा : हालवला. काढा.

मुखरू : पांढरी, पांढरी. पुन्हा पांढरी, पांढरी. लाल अन्... हट् तिच्या मायची. पांढरी.

नीलिमा : अकरा झाले.

सादिक : तुमचा फोन वाजून राहिला भाऊ.

मुखरू : प्रवीण असन. वाजू द्या. मोज तू.

नीलिमा : सोळा. सतरा. डोळे उघडे ठेवून काढून राह्यले आबा तुमी.

मुखरू : बरं, हे मिटले. लाल. हे लाल आहे ना? अन् आता... आता...

नीलिमा : पांढरी. चोवीस.

मुखरू : अबे, बापाच्या डब्यात लाल नाईच आहे तं निघन कुठून! कोठीत धान नाई अन् म्हणे पायली भर!... काऊन पाहून राह्यले तुमी दोघं मायाकडं?

सादिक : तुम्हीच बोलले भाऊ. मी एक शब्द बोललो नाही.

मुखरू : मी गोळ्यायचं बोललो.

नीलिमा : सर, मी काल वर्गात हेच विचारलं ना? मायकडं लाल अन् बापाकडं नुसत्या पांढऱ्या, तं किती खेपा काढल्यावर लाल-लाल निघन?

सादिक : हो. अन् मी म्हटलं, जन्मभर काढ, निघणार नाही. सारी पोरं घंटा झाल्यावर गोळ्या खाऊन राहिली होती. ही तिथंच उभी. मग म्हणे, सर, मले दहा लाल अन् दहा पांढऱ्या द्या. घरी न्याच्या आहे. मी दिल्या. काय करणार ते मला समजत होतं, मुखरूभाऊ. तरी दिल्या. तिला मार बसला ते पाप माझ्यावर आहे.

मुखरू : म्हणजे प्रवीणच्या...

सादिक : प्रवीणच्या अंगात एक लाल आहे. त्याला सुई टोचायचीपण गरज नाही, प्रज्वल होता हेच त्याचं कार्ड. आता प्रवीणला ती तुमच्याकडून आली का त्याच्या आईकडून, ते मी नाही सांगू शकत. रक्त तपासल्याशिवाय कोणी सांगू नये.

मुखरू : त्याच्या मायकडून असन. ते गेली बिचारी, बारा वर्सं झाले. तिच्यावर लोटून देता येईन. मेलेल्या माणसाचं कोणी कार्ड नाई काढत.

नीलिमा : आबा, देवाजी कोण होता? अन् झाडू?

मुखरू : कोणं सांगतलं तुले?

नीलिमा : आईनं. आईले कमळाआजीनं सांगतलं होतं, धानाच्या रोवण्याच्या वक्ताले. म्हून तं आईनं पंचायतीत विचारलं ना, "देवाजी मामंजी कायनं गेले?" मी बाहेर खिडकीजवळ होतो. तुमी म्हटलं, "आमच्या घराण्यात असं दुखणं कधी झालं नाई." आई म्हणे, "नर्सबाई सांगते, दोघांचं लागते." तं पंच म्हणे, बाईनं पंचायतीत जबान चालवू नये.

सादिक : मुखरूभाऊ, बसा. खाली बसा. कोण होते हे?

मुखरू : माये भाऊ.

सादिक : लहानपणी गेले?

मुखरू : देवाजी मायाहून मोठा. आठ-नऊ वर्साचा असन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडाचे नंदी घेऊन निंगालो आमी पोट्टे, तं हा मधातच बसला धुळीत. म्हणे, पायात कोणी खिळे ठोकून राह्यलं. मायनं मोहाच्या तेलानं पाय चोळले. पुजाऱ्यानं कोंबडं मागतलं, तं तेही देल्लं. डोळे हळदीवानी पिवळे झाले त्याचे. तिसऱ्या दिवशी गेला.

सादिक : अन् झाडू?

मुखरू : त्याच्यानंतरचा. मायनं नावच झाडू ठेवलं. केराचं पोट्टं समजून मरणानं सोडून द्यावं म्हून. सुपात घालून उकिरड्यावर ठेवला त्याले अन् शेजारणीनं उचलून आणला, जसा का कोणाचा टाकलेला. पाच वर्सं सोडलं मरणानं. मंग त्याचेही पाय दुखाले लागले. बाप कामावर गेल्ता. मी बारा वर्साचा. पाठीवर घेतलं अन् पायी निंगालो मूलच्या दवाखान्यात. लय वरडत होता. लय म्हणजे लय. मंग मधात म्हणे, दादा, आता नाई दुखत. मले इतकं बरं वाटलं, मास्तर. मी झपाझपा पाय उचलले. त्याले गोष्ट सांगत गेलो, दवाखान्यात गेल्यावर भजे घेऊन देईन म्हटलं. मूलच्या वेशीवर आलो तवा समजलं, काऊन दुखत नव्हतं ते.

सादिक : या अल्ला.

मुखरू : तवापासून सुई पाह्यली का मी पळतो. ते सुईचं भेव नाई होय. सुई काय सांगन, त्याचं भेव आहे.

नीलिमा : आबा...

मुखरू : थांब. आता निंगालं तं निंगू दे. प्रज्वल पहिल्यांदा आंगणात पाय धरून बसला ना, मी वळखलं. नर्सबाईच्या आधी वळखलं, इंदूच्या आधी वळखलं. मनात म्हटलं, आला रे देवाजी. पण तोंडातून शब्द नाई काढला. मंग तिचं कार्ड निघालं अन् मले... कसं सांगू? मले सुटल्यावानी वाटलं. चला, तिचं आहे. आमचं नाई. चोर सोडून संन्याशाले फासी, अन् चोर पंचाच्या पंगतीत बसून पान खाऊन राह्यला.

सादिक : चोरी कोणाचीच नाही भाऊ. तुम्हाला ती गोळी कोणी विचारून दिली नव्हती. इंदुताईलापण नाही.

मुखरू : गोळीचं नाई म्हणत मी. पंचायतीत खोटं बोललो, त्याचं म्हणून राह्यलो. कमळा बाजूलेच बसली होती तवा. मी म्हटलं, आमच्यात कोणी असं गेलं नाई. तिनं एकडाव मायाकडं पाह्यलं अन् मान खाली घातली. तिलेबी पोरगी उजवाची होती.

सादिक : मीपण होतो त्या दिवशी. खिडकीबाहेरच्या पिंपळाखाली, मागं. गाडी लावून उभा. इंदुताई दोघांचं लागते म्हणाल्या, तेव्हा गावात एक मीच होतो ज्याला ते खरं आहे हे पुस्तकातून ठाऊक होतं. मी बोललो नाही. बाहेरचा माणूस, त्यात मुसलमान, म्हटलं आपण कशाला. घरी गेलो तर सुलताना, माझी बायको, म्हणे, जेवत काऊन नाही? तिलापण नाही सांगितलं. सहा महिने झाले त्याला. मग धडा आला पुस्तकात, तेव्हा गोळ्या घेऊन आलो. पोरांच्या आड लपून बोललो मी. तुम्ही तनसीमागं, मी डब्यामागं.

मुखरू : फोन पुन्हा वाजून राह्यला.

नीलिमा : बाबाचाच आहे.

मुखरू : राहू दे. मास्तर, एक सांगा. आमच्यात चाल आहे, सासरी गेलेली लेक आपली पोरगी भावाच्या घरी सून म्हून देते. दूध परत आलं म्हणतेत. मोठा मान असते त्याचा. मी म्हटलं, झालं ते झालं, आता बाहेरचं रगत नोको. आपलंच दूध, आपल्याच घरातलं, त्यात खोट नाई येणार. आता तुमच्या डब्यानं सांगा. प्रवीणचा डबा अन् कमळाच्या पोरीचा डबा.

सादिक : तपासल्याशिवाय...

मुखरू : तपासाचं मंग. आता डब्यानं सांगा.

सादिक : तुमच्या आईबापाच्या दोघांच्याही डब्यात लाल होती. तेव्हाच देवाजी अन् झाडू. तुमच्यात उतरली असेल, कमळाबाईत उतरली असेल. तिच्यातून तिच्या पोरीत. नसेलपण. पण असेल, तर...

नीलिमा : तर पहिला फळा. सोळा लाल-लाल.

मुखरू : म्हणजे ज्याच्या भेवानं इंदूले काढलं, तेच वाजतगाजत घरी आणून राह्यलो. पन्नास पानं वाढून.

सादिक : दोघांनी आधी तपासून घ्यावं, एवढंच आहे भाऊ. इंदुताई अन् प्रवीणचंही तेवढंच होतं. दोघांनी मिळून दवाखाना केला असता तर... खैर. आता ते बोलून काय.

मुखरू : नाई, बोला. प्रज्वल जगला असता का?

सादिक : औषध रोज असते त्याचं. वेळेवर मिळालं तर पोरं मोठी होतात. इंदुताई न्यायच्या त्याला महिन्याच्या महिन्याला. मग तुम्ही म्हटलं, कार्ड घेऊन दवाखान्यात गेली तर गावात नाव खराब होते. दिवाळीत गेला तो, त्याच्या दोन महिने आधीपासून नेलं नाही.

मुखरू : तुमाले कसं ठाऊक?

सादिक : प्रज्वलच सांगत होता, गाडीवर. "आबा नाई म्हणतेत."

नीलिमा : आबा, पाणी प्या.

मुखरू : दे. मास्तर, हे बापाच्या डब्यातल्या लाल गोळ्या तुमी काढून ठेवल्या, त्या कुठी आहे?

सादिक : या कागदात.

मुखरू : एक घेतो.

सादिक : घ्या. पण परत द्या भाऊ, सोमवारी दहावीला दाखवायचं आहे. एक कमी झाली तर मोजणी चुकते.

मुखरू : चुकू द्या. हे मी परत टाकत नाई. साठ वर्सं मी डबा झाकूनच ठेवला. हे माई आहे, मायाजवळच राहू द्या. नर्सबाई कोणत्या वारी येते गावात?

नीलिमा : मंगळवारी.

मुखरू : मंगळवारी मी ओट्यावर बसतो. तुया बापालेबी बसवतो, कान धरून. तुयं बोट झालं का गं टोचून?

नीलिमा : नाई. तुमीच नोको म्हटलं होतं. पोरीचं कार्ड निघालं तं लगन होत नाई म्हणे.

मुखरू : हे पण मीच म्हटलं?

नीलिमा : हो.

सादिक : साडेतीन झाले भाऊ. पाहुणे पोचतच असतील.

मुखरू : पोचू द्या. जेवण शिजलं आहे ते खातीन, अन् मी चार शब्द सांगीन ते आयकतीन. प्रवीण मारन मले. मारू दे, त्याचा हात सुटलाच आहे कालपासून. पंच पण जेवाले आहेच. तुमी येता का मास्तर?

सादिक : येतो. या वेळी पिंपळाखाली नाही उभा राहत. डबे घेऊ?

मुखरू : घ्या. नीलू, चाल. आता तं येशील?

नीलिमा : येतो. पण आबा, आई परत नाई येणार. मी विचारलं तिले.

मुखरू : कवा विचारलं?

नीलिमा : काल. बाबानं मारल्यावर. शेजारच्या रमाकाकूच्या फोनवरून. मी म्हटलं, आई, बाबाच्या डब्यातही होती, आबालेही ठाऊक असन, देवाजीआबा त्यायचाच भाऊ होता. तं आई रडली नाई का चिडली नाई. म्हणे, आबाले काई बोलू नोको बाई. म्हातारं माणूस आहे. इतकं जुनं, त्यायले आठवत नसन.

मुखरू : असं म्हणे?

नीलिमा : हो.

मुखरू : फोन लाव तिले. माया फोनवरून लाव.

नीलिमा : काय सांगू?

मुखरू : तू काई नोको सांगू. लाव अन् माया हाती दे.

नीलिमा : वाजून राह्यला. घ्या.

मुखरू : हालो. इंदू? मी बोलून राह्यलो... आबा. नाई, नाई, पोरगी बरी आहे, इथीच आहे शाळेत, मास्तरनं पोळी देल्ली तिले. कोणाले काई नाई झालं. तू आयक फक्त. इंदू, मले आठवत होतं.